दिव्याची खरी काटकसर

पवनेच्या कांठचें चिंचवड हें मोरया गोसावींच्या समाधीमुळें पूर्वापार प्रसिद्ध. शेजारचें पिंपरी हें एक साधें खेडें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं अस्तित्वांत आलेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें पुढें या भागांत कारखान्यांकरितां विस्तीर्ण जमीन घेतली. आणि होतां होतां ही कारखान्यांची वसाहत भोसरीवरून खेड तालुक्यांतील चाकणपर्यंत जाऊन पोहोंचली. आतां या टापूंत रात्र अशी पुरी होतच नाहीं. दिवसपाळीचे कामगार घरीं परततात तेव्हां रात्रपाळीचे कामावर निघालेले असतात, आणि उजाडेपर्यंत पत्र्याच्या शेडींतून दिवे जळत राहतात. अशा ठिकाणीं दिव्याची निवड हा घरखर्चाचा आणि कामगाराच्या सुरक्षिततेचाहि प्रश्न होऊन बसतो. म्हणून एल. ई. डी. दिव्याविषयीं चार गोष्टी विद्यार्थ्यांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जुन्या तारेच्या दिव्यांत टंग्स्टनची बारीक तार तापून पांढरी होते व प्रकाश देते. या खटाटोपांत शंभर भागांपैकीं नव्वदांहून अधिक वीज उष्णतेंत जाते. एल. ई. डी. मध्यें तार तापवावी लागत नाहीं. अर्धवाहक पदार्थाचे दोन थर एकमेकांस भिडविलेले असतात. त्यांतून वीज वाहूं लागली कीं सांध्याशीं इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतात आणि सुटलेली शक्ति प्रकाशरूपानें बाहेर पडते. डोळ्यांस दिसेल असा तांबडा प्रकाश देणारा पहिला एल. ई. डी. निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं अमेरिकेंत तयार केला. परंतु घरांत लावण्यास पांढरा प्रकाश हवा, आणि त्यासाठीं निळा दिवा साधणें अवश्य होतें. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या तिघां जपानी संशोधकांनीं हें कोडें सोडविलें. त्याबद्दल त्यांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या घरांतील पांढरा दिवा पुष्कळदां आंतून निळाच असतो. त्यावरील पिवळ्या लेपामुळें तो पांढरा दिसतो.

आतां हिशेब पाहूं. ६० वॅटचा तारेचा दिवा रोज ५ तास लावला, तर ३० दिवसांत ९ युनिट वीज जळते. तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एल. ई. डी. त्याच काळांत सव्वा ते दीड युनिटांत भागवितो. एका दिव्यामागें वर्षाकांठीं सुमारें ९३ युनिट वांचतात. कारखान्याचा हिशेब याहून मोठा. एखाद्या शेडींत ४०० वॅटचे ४० जुने दिवे आहेत व त्यांच्या जागीं २०० वॅटचे एल. ई. डी. बसविले, असें धरा. रोज २० तास काम चालल्यास एका दिवसांत १६० युनिटांची बचत होते. केंद्र सरकारनें जानेवारी २०१५ मध्यें आरंभिलेल्या 'उजाला' योजनेखालीं देशांत ३६ कोटींहून अधिक एल. ई. डी. दिवे वांटले गेले. एवढ्या मोठ्या खरेदीनें किंमतहि उतरली: २०१४ सालीं सरकारी खरेदींत ३१० रुपयांच्या घरांत असलेला दिवा २०१६ सालीं ४० रुपयांच्या आंत आला.

येथवरचें गणित सर्वांस ठाऊक असतें. चूक होते ती यापुढें. 'एल. ई. डी. थंड असतो' असा समज आहे, तो अर्धाच खरा. त्याचा प्रकाश थंड असतो. पण विजेचा जो भाग प्रकाश होत नाहीं, त्याची उष्णता त्या चिमुकल्या कणाच्या पाठीशीं सांचते. ती वाहून नेण्याकरितां ॲल्युमिनियमची बैठक लागते. शिवाय घरची उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेनें व मापून देणारें एक लहानसें यंत्र दिव्याच्या बुडाशीं असतें. त्यास ड्रायव्हर म्हणतात. स्वस्त दिवा करणारा कारागीर नेमकी याच दोन ठिकाणीं कात्री लावतो. मग बंद काचेच्या हंडींत किंवा उन्हाळ्यांत तापलेल्या पत्र्याखालीं ड्रायव्हरमधील कपॅसिटर सुकतो, आणि वेष्टनावर २५,००० तास लिहिलेला दिवा वर्षभरांतच डोळे मिटतो. प्रकाश देणारे कण बहुधा धडधाकटच असतात. मरतो तो ड्रायव्हर.

याहून गंभीर गोष्ट कारखान्यांतली. आपली वीज सेकंदाला ५० वेळां हेलकावे घेते, म्हणून हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळां मंद-तेज होतो. डोळ्यांस तें कळत नाहीं. पण लेथवर चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ फेरे झाले. प्रत्येक लकाकीस एका जबड्याच्या जागीं दुसरा जबडा येऊन उभा असतो. परिणामीं गरगर फिरणारा चक जागच्या जागीं स्थिर भासूं शकतो, आणि त्यास थांबलेला समजून कामगाराचा हात पुढें जातो. भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपांत दिव्यामागें वांचविलेले पन्नास रुपये असे बोटांच्या मोलानें फेडावे लागले, तर ती काटकसर कसली?

याची परीक्षा आमच्या विद्यार्थ्यांस घरींहि करितां येईल. दिव्याखालीं एक पेन्सिल हातांत धरून झपझप हालवावी. तिची एकसंध पुसट पट्टी दिसली तर प्रकाश स्थिर आहे. सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो. अशा दिव्याखालीं फार वेळ वाचल्यास कित्येकांचे डोळे शिणतात व डोकें दुखतें. घेतांना वॅटच्या आंकड्यावर न थांबतां लुमेनचा, म्हणजे प्रत्यक्ष उजेडाचा, आंकडा पाहावा; एका वॅटमागें किती लुमेन मिळतात हें काढावें; भारतीय मानकाची खूण व तारकांचें लेबल आहे कीं नाहीं तें बघावें. दिव्यास वारा लागेल अशी जागा द्यावी.

आणखी एक सांगणें आहे. दिवा स्वस्तांत जळतो म्हणून रिकाम्या जिन्यांत, बंद कचेऱ्यांत व दुकानांच्या पाट्यांवर रात्रभर तो जळूं लागला, तर एका हातानें वांचविलेलें दुसऱ्या हातानें उधळल्यासारखें होतें. गरज तेथें पुरेसा व स्थिर उजेड, आणि गरज संपतांच अंधार, हीच आमच्या मतें दिव्याची खरी काटकसर. या पट्ट्यांतील कारखान्यांची धुरा उद्यां आमच्या विद्यार्थ्यांपैकींच कित्येकांच्या हातीं येईल. दिव्यांच्या खरेदीच्या कागदावर सही करण्याचा प्रसंग त्यांजवर येईल, तेव्हां त्यांनीं किंमतीच्या रकान्याबरोबर लेथपाशीं उभ्या असलेल्या माणसाचा हातहि डोळ्यांपुढें आणावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.