सेराफिनची सफरचंदं

आज आम्ही तुम्हाला फ्रान्समधल्या एका घरकाम करणाऱ्या बाईची ओळख करून देणार आहोत. तिचं नाव सेराफिन लुई. ती फळं, फुलं, पानं रंगवायची. मांडून ठेवलेल्या फळाफुलांच्या किंवा भांड्यांच्या चित्राला स्थिरचित्र म्हणतात.

सेराफिन १८६४ साली आर्सी नावाच्या खेड्यात जन्मली. आईवडील लहानपणीच गेले. तिनं आधी मेंढरं राखली, मग बरीच वर्षं ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात कामाला होती. पुढे सानलिस या छोट्या शहरात लोकांच्या घरची झाडलोट, धुणं करू लागली. चित्रकला ती कुणाकडे शिकली नव्हती. दिवसभर राबायचं आणि रात्री आपल्या खोलीत दिव्याच्या उजेडात रंगवायचं. दारं-खिडक्यांना लावतात तो ऑइलपेंट ती वापरायची. त्यात आणखी काय मिसळते, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

१९१२ मध्ये विल्हेल्म ऊडे हा जर्मन चित्रपारखी सानलिसला राहायला आला. पिकासोची चित्रं सुरुवातीलाच विकत घेणाऱ्यांपैकी हा एक. शेजाऱ्यांकडे त्यानं सफरचंदांचं एक चित्र पाहिलं आणि कुणी काढलं म्हणून विचारलं. कळलं की आपल्याच घरी झाडलोट करणाऱ्या सेराफिननं!

पण १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि जर्मन असल्यामुळे ऊडेला फ्रान्स सोडावा लागला. पाठीराखा गेला, तरी सेराफिन रंगवत राहिली. १९२७ ला सानलिसच्या नगरपालिकेतल्या प्रदर्शनात ऊडेला तिची चित्रं पुन्हा दिसली. मग तो तिला पैसे, रंग, कॅनव्हास पुरवू लागला. आता ती दोन मीटरपर्यंतची चित्रं करू लागली. हातात पैसा आला, तसा महागड्या वस्तूंवर खर्चही वाढला.

१९३० च्या सुमारास जगभर मंदी आली. ऊडेनं खरेदी थांबवली. सेराफिनचं मन आजारी पडलं आणि १९३२ मध्ये तिला मनोरुग्णालयात ठेवलं. तिथं तिनं पुन्हा ब्रश धरला नाही. १९४२ मध्ये ती तिथंच वारली. तिला सामायिक कबरीत पुरलं. आज तिची चित्रं सानलिसच्या संग्रहालयात मानानं लावलेली आहेत. तिच्यावरच्या २००८ च्या चित्रपटाला फ्रान्सचे ७ सेझार पुरस्कार मिळाले.

मैत्रिणींनो, मनाचा आजार केवळ पैशापायी झाला असं म्हणता येत नाही. पण तिचं गिऱ्हाईक एकच होतं, शिल्लक नव्हती, आणि अडचणीत हाक मारावी असा गटही नव्हता. आपल्या गटांत गोधड्या, पापड, मसाले करणाऱ्या कितीतरी हुशार हातांच्या बाया आहेत. सगळा माल एकाच व्यापाऱ्याला देत असाल, तर दुसरं, तिसरं गिऱ्हाईक आताच शोधा. मोठी ऑर्डर मिळाली की आधी बचतीचा हप्ता बाजूला काढा, खरेदी नंतर. आणि एखादी बाई झोपेनाशी झाली, एकटीच बोलू लागली, तर तिला वेडी म्हणून टाकू नका. अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका, सरकारी दवाखान्यात न्या. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करून मोफत सल्लाही मिळतो.

पुढच्या बैठकीत एकच काम करा. वहीचा हिशोब झाला की प्रत्येकीला विचारा, "घरच्या कामापलीकडे तुला काय येतं?" उत्तर वहीत लिहून ठेवा. आपल्यातली सेराफिन आपल्यालाच आधी दिसू दे.