पन्हळी पत्रा: घेण्यापूर्वी चार गोष्टी

मुळशी तालुक्यात, विशेषतः ताम्हिणी घाटाच्या बाजूला, पाऊस मुसळधार असतो. त्यामुळे गोठा असो, दुकान असो की पिरंगुटची कारखान्याची शेड, छपराला पन्हळी पत्रा हवाच. पन्हळ म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी. पत्र्याचा एक उपयोग नावातच सांगितला आहे. दुसरा आहे मजबुतीचा.

दोन पुस्तकांवर कोरा कागद आडवा ठेवा, तो मधे वाकेल. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला, तो खडूचे वजनही पेलेल. माल तेवढाच, पण घडीमुळे ताकद वाढली. लंडनचे इंजिनिअर हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली लोखंडी पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले, ते याच गुणावर. मालाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातही दोन कागदांमध्ये नागमोडी कागद असतो. खोक्याच्या भिंतीत त्या पन्हळी उभ्या असल्या तरच वरची थप्पी पेलली जाते. ओल लागली की ती ताकद जाते. म्हणून पावसाळ्यात खोकी जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावीत.

आता खरेदीविषयी. पहिली गोष्ट, गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. २४ पेक्षा २६ गेज पातळ. नुसत्या गेजवर न जाता जाडी मिलिमीटरमध्ये विचारावी आणि ती बिलावर लिहून घ्यावी. अर्धा मिलिमीटर जाडीच्या सपाट पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे चार किलो भरते. शंका आली तर काटा खरे सांगतो.

दुसरी, जस्ताचा मुलामा किती ते विचारावे. तो कमी असेल तर गंज लवकर धरतो.

तिसरी, हिशेब झाकल्या जाणाऱ्या रुंदीवर करावा. ९०० मिलिमीटरचा सपाट पत्रा पन्हळी पाडल्यावर साधारण ८०० राहतो, आणि शेजारच्या पत्र्यावर चढवताना आणखी दीड-दोन पन्हळी जातात.

चौथी, बसवण्याची. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून काम पूर्वेच्या टोकापासून सुरू करावे, म्हणजे जोडाचे तोंड वाऱ्याकडे येत नाही. बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर मारावा. खोलगट भागात मारला तर वाहते पाणी त्याच भोकातून घरात उतरते.

स्वस्त म्हणून घेतलेला पातळ पत्रा लवकर बदलावा लागला, तर तोच महाग पडतो. व्यापाऱ्यानेही हे चार मुद्दे गिऱ्हाइकाला आधीच सांगावेत. पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक परत येईल.