विसार देण्यापूर्वी

अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यामुळे घरांचे रंगकाम वरचेवर काढावे लागते. कॅलिफोर्निया राज्यात २०२५ पासून मजुरी व साहित्य मिळून १,००० डॉलर किंवा अधिक रकमेच्या कामास परवाना लागतो. रंगकामाचा वर्ग ‘सी-३३’. परवानाधारकास २५,००० डॉलरचे हमीपत्रही द्यावे लागते. विसार मात्र सामान्यतः एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढाच घेता येतो. १२,००० डॉलरच्या कामासाठी ४,००० आधीच मागितले गेले, तर तेथेच सावध व्हावे. परवाना क्रमांक राज्याच्या मंडळाकडे पडताळावा, करार लेखी करावा आणि पुढील हप्ते झालेल्या कामापुरतेच द्यावेत. उधारीवर माल देण्यापूर्वी व्यापारी पत पाहतो. घर रंगवायला देतानाही तीच दृष्टी हवी.