विश्लेषण : ८५८ टीबी सरकारी डेटा एका आगीत गेला, दुसरी प्रत का नव्हती?

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सर्व्हर रूममधल्या लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम सुरू असताना ही घटना घडली. सहाशेहून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या. बऱ्याच सेवा हळूहळू पूर्ववत झाल्या, पण ‘जी-ड्राइव्ह’ परत आला नाही. सरकारी कर्मचारी ज्या क्लाउडवर कामाच्या फायली ठेवत होते, त्यातला ८५८ टेराबाइट म्हणजेच टीबी डेटा नष्ट झाला.

दुसरी प्रत का नव्हती?

कोरियन सरकारनं दिलेलं कारण असं : ही यंत्रणा मोठ्या क्षमतेची, पण कमी वेगाची होती. त्यामुळे बाहेर बॅकअप ठेवणं शक्य झालं नाही. म्हणजे डेटा इतका मोठा की त्याची प्रतच करता येत नाही! हे कारण पटण्यासारखं आहे का? थोडी आकडेमोड करून पाहू.

८५८ टीबी पाठवायला किती वेळ लागतो?

सेकंदाला १ गिगाबिट, म्हणजे १ जीबीपीएस वेगाची लाइन पूर्ण क्षमतेनं चालली, तर सुमारे ८० दिवस. १० जीबीपीएसची असेल, तर साधारण ८ दिवस. वेळ लागतो, पण काम अशक्य नाही. शिवाय पूर्ण प्रत एकदाच पाठवायची असते. त्यानंतर फक्त बदललेला डेटा जातो. याला ‘रेप्लिकेशन’ म्हणतात.

मग खरी मर्यादा कुठे येते?

एकूण डेटा किती, यापेक्षा तो किती वेगानं बदलतो हे महत्त्वाचं. समजा, एका संस्थेकडे १०० टीबी डेटा आहे आणि रोज त्यातला २ टीबी बदलतो. २४ तासांची सरासरी काढली तर १८५ एमबीपीएसची लाइन पुरेशी वाटते.

पण काम दिवसभर सारखं नसतं. त्यातला १ टीबी सकाळच्या दोन तासांतच बदलत असेल, तर तेवढ्या वेळेपुरती १.१ जीबीपीएसची लाइन लागेल. सरासरीवर नियोजन करणारे नेमके इथेच फसतात.

लाइन कमी पडली तर?

न पाठवलेला डेटा ‘जर्नल’ नावाच्या राखीव जागेत रांगेत थांबतो. वरच्या उदाहरणात लाइन ५०० एमबीपीएसची असेल, तर दोन तासांत ४५० जीबी जाईल आणि ५५० जीबी मागे राहील. ही रांग संपायला पुढे तीन तास लागतील. तेवढ्यात आग लागली, तर रांगेतला डेटा गेलाच.

गर्दीच्या वेळी लाइनच तुटली, तर तासाला ५०० जीबी साचत जातं. जर्नल भरलं की रेप्लिकेशन थांबतं. म्हणून लाइन किती तास बंद राहू शकते, हे गृहीत धरूनच जर्नलचा आकार ठरवावा लागतो.

अंतराचा काय संबंध?

रेप्लिकेशनचे दोन प्रकार आहेत. ‘सिंक्रोनस’ प्रकारात दुसरीकडे नोंद झाल्याशिवाय व्यवहार पूर्ण होत नाही. यात डेटा गमावण्याची भीती जवळपास नसते, पण प्रत्येक नोंदीला वाट पाहावी लागते. मुंबई ते चेन्नई हवाई अंतर सुमारे हजार किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशाला तिकडे जाऊन परत यायला किमान १० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला हजारो नोंदी करणाऱ्या यंत्रणेला हे परवडत नाही. म्हणून जवळच्या केंद्रासाठी सिंक्रोनस आणि दूरच्या शहरासाठी थोडं मागे चालणारं ‘असिंक्रोनस’ रेप्लिकेशन, अशी जोडी अनेक ठिकाणी वापरतात.

फक्त रेप्लिकेशन पुरेसं आहे का?

नाही. इकडे फाइल चुकून डिलीट झाली किंवा व्हायरसनं खराब केली, तर तो बदलही तिकडे पोहोचतो. त्यासाठी जुन्या तारखांचे बॅकअप वेगळे ठेवावे लागतात.

यातून काय शिकायचं?

जी-ड्राइव्हवर सुमारे साडेसात लाख कर्मचाऱ्यांना प्रत्येकी ३० जीबी जागा देण्याची सोय होती. सगळ्यांनी ती पूर्ण वापरली असती, तर २२,५०० टीबी लागले असते. प्रत्यक्षात वापर त्याच्या चार टक्क्यांहूनही कमी होता. तरीही दुसरी प्रत नव्हती.

म्हणून ‘एका माणसाला किती जीबी’ हा आकडा ठरवतानाच त्याची प्रत कुठे, किती वेगानं आणि किती खर्चात ठेवायची, हेही ठरायला हवं. ज्या डेटाची प्रत ठेवण्याची तयारी नाही, तो एकाच ठिकाणी साठवण्याची सक्ती कर्मचाऱ्यांवर करणं धोक्याचं आहे. सगळ्याची प्रत परवडत नसेल, तर महत्त्वाच्या फायली आधी निवडता येतात. पण ही निवड आग लागण्यापूर्वीच करावी लागते.