जबाबदार एआयमधले काम नेमके काय?
हे काम फक्त प्रोग्रामरचे, असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे तपासणीचे आहे: प्रणालीचे निर्णय कोणावर अन्याय करतात, हे मोजून दाखवणे. वजनमापे निरीक्षक तराजू बनवत नाही. प्रमाणित वजने ठेवून काटा पारखतो, तसेच हे.

उदाहरणार्थ, २०१८ मध्ये संशोधक जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत निघाली.

असा पूर्वग्रह (एखाद्या गटाबाबत सातत्याने होणारी चूक) शोधायला संख्याशास्त्राइतकीच कायद्याची आणि समाजाची जाण लागते. म्हणून कला आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनाही इथे वाव आहे. मात्र आकडेवारी वाचायला त्यांनी शिकलेच पाहिजे.