नव्या वसाहतीतील पहिलीचा वर्ग

शहराच्या वेशीबाहेर नवी वसाहत उभी राहू लागली म्हणजे तिचा एक ठरीव क्रम दिसून येतो. आधी रस्ता होतो, मग इमारती उठतात. पाठोपाठ किराणा मालाचे दुकान, औषधांचे दुकान आणि रिक्षांचा थांबा येतो. शाळा मात्र बहुधा सर्वांच्या शेवटी येते. दुकान दोन वर्षे उशिरा निघाले तर गृहिणीस दूरवर चालावे लागते, एवढेच. शाळा दोन वर्षे उशिरा निघाली, तर सहा वर्षांच्या मुलाची ती दोन वर्षे कोणीही परत देऊ शकत नाही. म्हणूनच या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बडोद्याचेच उदाहरण घेऊ. २०२० साली भायली, सेवासी, बिल आदी गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. जेथे शेते होती तेथे आज सदनिकांच्या रांगा आहेत, आणि जुन्या शहरातील वाडे सोडून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत नांदत आहेत. याच बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. सक्ती करावयाची तर आधी शाळा दिली पाहिजे, हा त्यातील सरळ न्याय होय.

आजचा कायदाही तेच सांगतो. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शेजारच्या शाळेचा हक्क दिला आहे. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी. आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. बाहेरगावाहून आलेल्या मजुरांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हेही तिचेच काम. ज्यांनी या इमारतींच्या विटा वाहिल्या, त्यांची मुलेही या हिशेबात धरली पाहिजेत.

जागेची सोय कायद्यात नाही, असेही नव्हे. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात मालकांच्या जमिनी एकत्र करून त्यांची नव्याने आखणी करतात. त्या वेळी शाळा, दवाखाना, अग्निशामक केंद्र अशा सोयींसाठी पाच टक्क्यांपर्यंत जमीन राखून ठेवता येते. परंतु नकाशावरील भूखंड म्हणजे शाळा नव्हे. त्यावर भिंती उभ्या राहावयाच्या असतात, शिक्षक नेमावयाचे असतात, आणि तोवर मुले थांबून राहत नाहीत.

आता थोडे गणित करू. सहाशे घरांची वसाहत आहे आणि दर तीन घरांमागे प्राथमिक वयाचे एक मूल आहे, असे धरून चालू. मुले झाली दोनशे. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे एवढ्या मुलांस पाच शिक्षक व एक मुख्याध्यापक लागतात, आणि प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली लागते. म्हणजे एकच वसाहत एक आख्खी शाळा भरून टाकते. अशा चार वसाहती शेजारी उठल्या आणि जवळची जुनी शाळा एकच असली, तर काय होणार हे सांगावयास नको. ज्यांच्या खिशाला परवडते ते दूरच्या शाळेची व्हॅन लावतात. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरची आई कामधंदा सोडून मुलास पोहोचविते व आणते.

यात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नव्या वसाहतीत तरुण जोडपी एकाच सुमारास येतात, म्हणून त्यांची मुलेही एकाच सुमारास पहिलीत येतात. गर्दीची लाट येते, आणि दहा-पंधरा वर्षांनी ती ओसरूही शकते. यास्तव नवी इमारत होईतो दोन पाळ्यांची सोय तुच्छ मानू नये. पहिली ते पाचवीसाठी कायदा वर्षास २०० दिवस व ८०० तास अध्यापन मागतो. म्हणजे दिवसास चार तास. एकाच इमारतीत सकाळी व दुपारी असे दोन वर्ग नियमात बसू शकतात. मात्र दुसऱ्या पाळीस दुसरे शिक्षक हवेत. त्याच शिक्षकांवर दुप्पट भार टाकणे म्हणजे दोन्ही वर्गांची हानी करणे होय.

मग आपण काय करावे? शाळा नाही म्हणून हळहळत बसण्यापेक्षा प्रत्येक वसाहतीने आपल्या मुलांची यादी करावी. तीत आज सहा वर्षांची किती, पुढील तीन वर्षांत सहाची होतील अशी किती, हे लिहावे. शेजारच्या पत्र्याच्या खोल्यांतील मुलांची नावे वगळू नयेत. ही यादी नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि शाळेसाठी राखलेला भूखंड कोणता व तो कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारावे. जवळच्या सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, व निम्म्या स्त्रिया असतात. पुढील वर्षांतील पटसंख्या, शिक्षक व खोल्या यांचा अंदाज शाळेच्या विकास आराखड्यात मांडण्याची जागा तीच. तेथे आपल्या माताभगिनींनी अवश्य बसावे.

मोघम तक्रारीस मोघम उत्तर मिळते. नावे आणि वये लिहिलेल्या कागदास मात्र आकड्यांनीच उत्तर द्यावे लागते. येत्या जूनमध्ये पहिलीत जाणारी मुले आज आपल्याच जिन्यावर खेळत आहेत. त्यांची मोजणी या आठवड्यातच व्हावी, एवढेच आमचे सांगणे आहे.