रंगाआधीचे मौन : चित्रकार वासुदेव गायतोंडे

डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत 'ख्रिस्तीज' या जगप्रसिद्ध संस्थेने भारतातील आपला पहिला लिलाव केला. त्यात १९७९ साली रंगवलेले एक तैलचित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. दोन वर्षांनी त्याच चित्रकाराच्या दुसऱ्या एका चित्राला २९ कोटी ३० लाखांच्या आसपास किंमत आली. या चित्रांत ना देवता होती, ना निसर्गदृश्य, ना मनुष्याकृती. त्यांना शीर्षकही नव्हते. चित्रकार होते वासुदेव गायतोंडे. आणि पहिल्या लिलावाच्या वेळी त्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती.

व्यवहारात मुरलेल्या माणसाच्या मनात येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. ज्यात ओळखू येईल असे काहीच नाही, त्यात एवढे मोल कशाचे? कापडाचा पोत बोटांना कळतो, सोन्याचा कस कसोटीवर उमटतो. अमूर्त चित्राचा कस कशावर पाहायचा? या प्रश्नाचे उत्तर लिलावाच्या आकड्यांत सापडत नाही. ते गायतोंडे यांच्या काम करण्याच्या रीतीत शोधावे लागते.

आकृतीकडून रंगाकडे

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरला झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे. बालपण गेले मुंबईत, गिरगावातल्या चाळीत. सर ज. जी. कला महाविद्यालयातून १९४८ साली त्यांनी शिक्षण पूर्ण केले. पुढे सूझा, रझा, हुसेन आदींनी स्थापन केलेल्या 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'शी त्यांचा संबंध आला. मात्र गटाच्या गलबल्यात ते कधी फारसे रमले नाहीत.

विद्यार्थिदशेत त्यांनी भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केला. आपल्या ज्ञानभांडारांतील कल्पसूत्राची सचित्र हस्तलिखिते ज्यांनी पाहिली असतील, त्यांना लघुचित्रांतील रंगाचे सामर्थ्य निराळे सांगायला नको. आकृतीच्या मागे पसरलेली ती सपाट, तेजस्वी लाल किंवा निळी भूमी डोळ्याला आकृतीइतकीच धरून ठेवते. गायतोंडे यांचे लक्ष रंगाच्या या स्वतंत्र बळाकडे गेले. रंगाचा अभ्यास अधिक बारकाईने करता यावा म्हणून आपण आकृती वगळू लागलो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले याच्या कामाचाही त्यांच्यावर काही काळ प्रभाव होता. पन्नासचे दशक सरता सरता त्यांच्या चित्रांतील माणसे, पक्षी, रेषा हळूहळू विरघळल्या आणि उरला तो रंग, प्रकाश आणि अवकाश.

आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेले त्यांना मानवत नसे. 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द त्यांना जवळचा वाटे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. झाड पाहून त्याचे खोड, फांद्या, पाने गाळीत जावे आणि शेवटी एक सूचक आकार ठेवावा, ही झाली अमूर्तीकरणाची वाट. गायतोंडे यांच्या परिपक्व चित्रांत आरंभी झाड नसतेच. म्हणून त्यांच्या चित्रात 'हे कशाचे आहे?' असे शोधू लागले की पाहणारा हमखास निराश होतो.

प्रतीक्षा हेच काम

मुंबईत वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. चित्रकार, संगीतकार, नाट्यकर्मी यांचा तेथे राबता असे. त्या वर्दळीतही हा गृहस्थ आपल्या कोऱ्या कॅनव्हाससमोर स्वस्थ बसलेला असे. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथील समकालीन चित्रकला त्यांनी जवळून पाहिली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते दिल्लीत स्थायिक झाले. निजामुद्दीनमधील छोट्या जागेत वाचन, संगीत आणि चिंतन एवढाच त्यांचा संसार होता. झेन विचार, जे. कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज यांच्याविषयी त्यांना आस्था होती. वर्षाकाठी त्यांच्या हातून फार तर पाच-सहा चित्रे पूर्ण होत.

हा आकडा पाहून त्यांना आळशी ठरवणे सोपे आहे. पण त्यांच्या दृष्टीने मौनात घालवलेला काळ हा कामाच्या बाहेरचा नव्हताच. मन निवळले, चित्र आतून पुरते तयार झाले, की मगच हात उचलायचा, अशी त्यांची शिस्त होती. दुधाला विरजण लावल्यावर भांडे हलवीत बसणारी गृहिणी दही लवकर मिळवत नाही, उलट ते बिघडवते. गायतोंडे भांडे हलवीत नसत.

हात उचलल्यावरची त्यांची पद्धतही वेगळी होती. साठच्या दशकापासून कुंचल्याची जागा बव्हंशी रोलरने आणि रंगसुरीने घेतली. रोलरने पातळ तैलरंगाचा एक थर द्यायचा, त्यावर दुसरा, पुन्हा तिसरा. कुठे सुरीने रंग खरवडून खालचा थर उघडा करायचा. कुठे कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या पृष्ठभागावर दाबून रंग उमटवायचा किंवा टिपून घ्यायचा. त्यातून जे आकार उरत ते कधी एखाद्या विस्मृत लिपीतील अक्षरांसारखे, कधी पाण्याखालच्या दगडांसारखे भासतात. थरांची पारदर्शकता अशी सांभाळलेली असे की प्रकाश बाहेरून पडण्याऐवजी चित्राच्या आतून झिरपतो आहे असे वाटावे.

'हे तर लहान मूलही काढील' या नेहमीच्या शेऱ्याला उत्तर येथे मिळते. मुलाच्या हातून एखादा सुंदर फराटा जरूर निघेल. परंतु पाचव्या थराखालून पहिला थर किती दिसावा, खरवडणे नेमके कुठे थांबवावे, आणि रंग ओला आहे तोवरच हा निर्णय कसा घ्यावा, यासाठी वर्षानुवर्षांची साधना लागते. त्यात योगायोगालाही वाव होता. मात्र आलेला योगायोग ठेवायचा की पुसायचा, हे चित्रकाराची जाणती नजरच ठरवत होती.

१९८४ मध्ये झालेल्या अपघाताने ही साधना कसोटीला लागली. मोठ्या कॅनव्हासवर काम करणे शरीराला झेपेना. तेव्हा त्यांनी लहान कागदांवर शाईने रेखाटने केली आणि काही वर्षांनी ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. अखेरच्या वर्षांत तेही थांबले. आपण अजूनही चित्रे करतो, पण ती मनात. उरलेली शक्ती जपून वापरायची असल्याने ती कॅनव्हासवर रंग लावण्यात खर्च करणे परवडत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले होते. ज्याने आयुष्यभर प्रतीक्षेलाच काम मानले, त्याच्या तोंडी हे उत्तर सुसंगतच होते. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

किंमत आणि मोल

१९७१ साली पद्मश्री मिळूनही गायतोंडे प्रसिद्धीपासून दूरच राहिले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले ते २०१४ मध्ये. लिलावातील कोटींचे आकडेही मृत्यूनंतरचे. चित्रकाराच्या हयातीतील जमाखर्चात या रकमांची नोंद कुठेच नाही. तेव्हा पुढे मिळणाऱ्या भावासाठी त्यांनी हा संयम पाळला, असे म्हणता येणार नाही. बाजाराने किंमत ठरवली. मोल त्यापूर्वी कित्येक वर्षे त्या थरांत साठत आले होते.

हे मोल वेळेवर ओळखणारे थोडे लोकही होते, आणि त्यांत एक व्यापारी होता ही विशेष गोष्ट. मुंबईचे कापसाचे व्यापारी जहांगीर निकोल्सन यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस आधुनिक भारतीय चित्रे घेण्यास प्रारंभ केला. त्या काळी या चित्रांना मोठा बाजार नव्हता. त्यांच्या संग्रहात गायतोंडेही आहेत, आणि तो संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आश्रयाने जतन झाला आहे. ज्या नजरेने कापसाची प्रत पारखली, तीच नजर पुन्हापुन्हा पाहण्याच्या सवयीने रंगाकडेही वळू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

गायतोंडे यांचे चित्र पाहण्याचा योग आला तर एवढेच करावे: अर्थ विचारण्याची घाई न करता काही मिनिटे त्याच्यासमोर उभे राहावे. आरंभी केवळ एक रंग दिसेल. मग त्याखालचा दुसरा जाणवेल, कुठेतरी एक उजळ पट्टा वर येईल, आणि क्षितिज आहे की नाही असा संभ्रम पडेल. मुलांना सोबत न्यावे, आणि त्यांना काय दिसले ते आधी त्यांनाच सांगू द्यावे. ज्या चित्रासाठी चित्रकार महिनोन्‌महिने थांबला, त्यासाठी पाहणाऱ्याने दहा मिनिटे थांबणे, हा काही महाग सौदा नव्हे.